एक एकर किंवा त्याहून कमी जमीन: सोयाबीन-ज्वारीपलीकडचा व्यवसाय कसा निवडावा

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. त्यानंतरच्या वाटण्यांमुळे अनेक घरांच्या हाती एक एकर, तीस गुंठे किंवा पंधरा गुंठे एवढीच जमीन राहिली आहे. अशा एक एकर कोरडवाहू रानात सोयाबीन घेतले आणि पाऊस बरा झाला, तर सहा ते आठ क्विंटल माल निघतो. २०२५-२६ च्या हंगामाचा ५,३२८ रुपयांचा हमीभाव प्रत्यक्ष बाजारात मिळाला, असे धरले तरी सात क्विंटलांचे सुमारे ३७ हजार रुपये होतात, आणि त्यातून नांगरट, बियाणे, खत, फवारणी, खुरपणी, काढणी व मळणी वजा करायची असते. वर्षाअखेरीस हाती उरणारी रक्कम पाहून घरात जमीन विकण्याची भाषा सुरू होते.

माझ्या मते दोष जमिनीचा नाही, निवडलेल्या पिकाचा आहे. ज्या पिकाचे उत्पन्न क्षेत्रावर अवलंबून असते, ते लहान जमिनीला परवडत नाही. ज्या व्यवसायाचे उत्पन्न माणसाच्या रोजच्या लक्षावर, पाण्याच्या नेमक्या वापरावर आणि बाजाराच्या जवळिकीवर अवलंबून असते, तो व्यवसाय वीस गुंठ्यांतही उभा राहतो. मात्र तो निवडण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक आधी पीक ठरवतात आणि मग पाणी, रस्ता व मजूर शोधतात. हा लेख उलट क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी: कागद

सातबारा आणि आठ-अ हे दोन उतारे महाभूलेखच्या संकेतस्थळावरून काढावेत आणि सावकाश वाचावेत. सातबाऱ्यावर भूधारणा पद्धतीपुढे ‘भोगवटादार वर्ग १’ असेल, तर हस्तांतरणावर सहसा निर्बंध नसतात. ‘वर्ग २’ असेल, तर जमीन विकण्याआधी किंवा दीर्घ मुदतीने दुसऱ्याकडे सोपवण्याआधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, पुनर्वसनाचा शेरा किंवा विहिरीतील हिस्सा असे बरेच काही असते, आणि आजोबांच्या काळात फेडलेल्या कर्जाचा बोजासुद्धा अनेकदा तसाच राहिलेला असतो. तो आधी कमी करून घ्यावा, कारण पुढे बँकेत गेल्यावर पहिला अडथळा हाच येतो.

यापेक्षा मोठी अडचण सामाईक खात्याची असते. आजोबांच्या नावावरून वारसनोंद झाली, सहा नावे लागली, त्यांपैकी दोघे मुंबईत, एक बहीण सासरी, आणि जमीन प्रत्यक्षात एकच भाऊ कसतो, हे चित्र घरोघरी आहे. सामाईक खात्यावर शासकीय योजनेचा लाभ घेताना इतर खातेदारांची संमतीपत्रे मागितली जातात. सर्वांची संमती असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. वाटप शक्य नसेल, तर किमान लेखी संमती घेऊन ठेवावी. तुती, आंबा किंवा बांबू यांसारखे अनेक वर्षांचे पीक संमतीशिवाय लावू नये, कारण झाडे उत्पन्नाला आली की हिस्स्याचा वाद उभा राहतो आणि ज्याने घाम गाळला त्याचेच नुकसान होते. वाटप करतानाही तुकडेबंदी कायद्याप्रमाणे आपल्या भागातील प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, किती आहे, हे तलाठ्याकडे विचारून घ्यावे.

त्यानंतर मोजणी. बांध सरकलेला असण्याची शंका असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम कराव्यात. चाळीस गुंठ्यांत दोन गुंठे कमी भरणे ही लहान बाब नाही, शेळ्यांचा गोठा आणि त्यापुढचे अंगण तेवढ्यात बसते.

रस्त्याचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवावा. टेम्पो बांधापर्यंत येतो की माल डोक्यावरून अर्धा किलोमीटर आणावा लागतो, यावर अनेक व्यवसाय ठरतात. रस्ताच नसेल, तर संहितेच्या कलम १४३ खाली शेजाऱ्यांच्या बांधावरून वाट मिळण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पूर्वीपासूनची वहिवाट कोणी अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ चा आधार आहे. शेजाऱ्याशी बोलून मिळालेली वाट नेहमीच अधिक टिकाऊ असते, आणि अशा वाटेचा लेखी समजुतीचा कागद करून ठेवणे दोघांच्याही हिताचे आहे.

दुसरी पायरी: पाणी मोजणे

‘विहिरीला पाणी आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. एप्रिलच्या अखेरीस आणि मे महिन्यात किती पाणी आहे, हे कळले पाहिजे. त्यासाठी दोनशे लिटरचा ड्रम मोटरीच्या पाइपाखाली ठेवून तो किती वेळात भरतो, हे घड्याळ लावून पाहावे. दोन मिनिटांत भरला, तर तासाला सहा हजार लिटर पाणी मिळते. मोटर किती तास चालवल्यावर विहीर तळाला जाते आणि पुन्हा भरायला किती वेळ घेते, हेही लिहून ठेवावे.

हा आकडा गरजेशी ताडून पाहावा. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार हजार लिटर. उन्हाळ्यात पूर्ण वाढलेल्या पिकाची रोजची गरज पाच-सहा मिलिमीटर धरली, तर एकराला दररोज वीस ते चोवीस हजार लिटर लागतात. ठिबकने त्यात बचत होते, पण गरज संपत नाही. विहीर मे महिन्यात रोज सहा हजार लिटरच देत असेल, तर तुमची उन्हाळी बागायत दहा-बारा गुंठ्यांची आहे, सातबाऱ्यावर क्षेत्र कितीही असो. उरलेल्या क्षेत्रासाठी पावसावर तगणारे झाड निवडावे.

शेततळ्याबद्दल येथे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण अनुदान मिळते म्हणून लहान शेतकरी मोठे तळे खोदून बसतात. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात, बाजूंचा उतार धरून, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते, हे खरे आहे. पण त्याचा वरचा पृष्ठभागच नऊ गुंठ्यांचा असतो. भोवतीचा भराव धरल्यास एकरातील चौथा हिस्सा त्यातच जातो. शिवाय कडक उन्हाळ्यात रोज आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर एवढ्या पृष्ठभागावरून दिवसाला सात हजार लिटरांहून अधिक पाणी उडून जाते. १५ बाय १५ बाय ३ मीटरचे तळे सव्वादोन गुंठ्यांत बसते आणि त्यात चार लाख चाळीस हजार लिटर मावतात. रोपवाटिका, शेळ्या किंवा नवी फळझाडे पहिले दोन उन्हाळे जगवण्यासाठी ते उपयोगी पडते. एक एकराच्या मालकाने हे दुसरे माप निवडावे, प्लास्टिक अस्तर घालावे आणि भोवती जाळीचे कुंपण करावे. कुंपणाबाबत काटकसर करू नये, कारण अस्तराच्या निसरड्या उतारावरून माणूस किंवा जनावर एकदा घसरले, तर वर येऊ शकत नाही. कडेला बांधलेला दोर आणि तरंगणारी रिकामी ट्यूब कायम ठेवावी.

मातीची तपासणी त्याच आठवड्यात उरकावी. हंगामी पिकासाठी पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीचा नमुना पुरतो. फळझाडासाठी मात्र मीटरभर खड्डा घेऊन खाली मुरूम आहे, चुनखडी आहे की पाणी धरून ठेवणारी चिकण माती आहे, हे डोळ्यांनी पाहावे. चुनखडी आणि सामू (पीएच) जास्त असलेल्या जमिनीत संत्रा-लिंबूवर्गीय झाडे पिवळी पडून वर्षानुवर्षे खर्च करायला लावतात.

तिसरी पायरी: रोज बांधावर कोण असणार?

हा प्रश्न घरात स्पष्टपणे विचारावा, कारण पर्यायांची खरी विभागणी येथे होते. दिवसातून तीन वेळा शेतात जाणारा माणूस घरात असेल, तर रेशीम, रोपवाटिका, भाजीपाला आणि शेळीपालन शक्य आहे. आठवड्यातून एकदाच कोणी जाणार असेल, तर फळझाडे जमतात. महिन्या-दोन महिन्यांनी शहरातून येणारा मालक असेल, तर बांबू, कोकणात काजू, किंवा जमीन भाड्याने देणे एवढेच उरते. पगारी माणूस ठेवून रेशीम करण्याचा बेत बहुधा फसतो, कारण मिळणारा नफा हाच घरच्या मजुरीचा मोबदला असतो.

शहरात राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यात दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणाऱ्याला कूळ मानण्याची तरतूद आहे, पण रोख मजुरीवर काम करणाऱ्या नोकराला ती लागू होत नाही. पिकाच्या वाट्यावर तोंडी बटई वर्षानुवर्षे चालू ठेवण्यापेक्षा रोख मजुरी द्यावी, ती बँकेतून द्यावी, आणि ई-पीक पाहणी दर हंगामात स्वतः करावी. करार करायचाच असेल, तर वकिलाकडून मसुदा करून घ्यावा.

घरचा माणूस आणि बारमाही पाणी असेल तर: रेशीम

लहान जमिनीसाठी मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या भागात मला सर्वांत भरवशाचा वाटणारा व्यवसाय रेशमाचा आहे. रेशीम अळीला खाद्य म्हणून एकदा लावलेली तुती दहा ते पंधरा वर्षे टिकते. एक पीक महिन्याभराच्या आत हातात येते. शिवाय माल विकायला व्यापाऱ्याच्या दारात उभे राहावे लागत नाही: जालना आणि बारामती येथे कोषांचा खुला लिलाव होतो, आणि कर्नाटकातील रामनगरची बाजारपेठ आशियातील सर्वांत मोठ्या कोष बाजारांपैकी एक आहे.

लागवड पट्टा पद्धतीने, पाच आणि तीन फुटांच्या जोडओळीत दोन-दोन फुटांवर करावी, म्हणजे एकरात सुमारे ५,४०० झाडे बसतात. व्ही-१ हा वाण सर्वत्र रुळला आहे. बेणे थेट शेतात लावण्यापेक्षा तीन-चार महिन्यांची रोपे लावल्यास तुटाळ (न जगलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा) फारच कमी होते. पाऊस सुरू झाल्यावर लावलेल्या तुतीवर हिवाळ्यात पहिले लहान पीक घेता येते, पण पहिल्या वर्षी झाडाला ओरबाडू नये.

संगोपनगृह ही दुसरी मोठी गुंतवणूक. पन्नास बाय बावीस फुटांची शेड अकराशे चौरस फुटांची, म्हणजे जवळजवळ नेमक्या एका गुंठ्याची होते. ती पूर्व-पश्चिम लांब बांधावी, छताला उष्णतारोधक आच्छादन द्यावे आणि सर्व बाजूंना रेशीम अळीवर अंडी घालणारी उझी माशी अडवणारी बारीक जाळी लावावी. आत २३ ते २८ अंश तापमान आणि ऐंशी टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. मराठवाड्याच्या मे महिन्यात ती राखणे कठीण असते, म्हणून ज्याच्याकडे पाणी आणि ओल्या गोणपाटांची सोय नाही, त्याने उन्हाळ्याचे पीक सोडून द्यावे आणि तुतीची छाटणी करून घ्यावी. छाटणी व शेणखताला तो काळ चांगला असतो.

अळीच्या पाच अवस्था असतात आणि त्यांच्या दरम्यान ती चार वेळा कात टाकते. पहिल्या दोन अवस्था नाजूक असल्यामुळे त्या चॉकी केंद्रात वाढवलेल्या अळ्याच विकत घ्याव्यात. त्यानंतरचे अठरा-वीस दिवस तुमचे. दिवसाला दोन-तीन वेळा तुतीच्या फांद्या टाकायच्या, कात टाकण्याच्या काळात खाद्य थांबवायचे, चुना व निर्जंतुकीकरणाची पावडर वेळेवर धुरळायची, आणि अळ्या पिवळसर होऊन मान उंचावू लागल्या की त्यांच्यावर चंद्रिका, म्हणजे कोष विणण्यासाठीच्या जाळ्या, ठेवायच्या. शेवटच्या आठवड्यात पाल्याची मागणी एकदम वाढते, कारण एकूण खाद्याचा फार मोठा भाग पाचव्या अवस्थेतच खाल्ला जातो. पाला कमी पडल्याने झालेले नुकसान याच दिवसांत दिसते. म्हणून पाल्याच्या अंदाजापेक्षा दहा-पंधरा टक्के कमीच अंडीपुंज (एका मादी पतंगाने घातलेल्या अंड्यांचा समूह) घ्यावेत.

हिशेब असा मांडावा. एकरभर तुतीवर एका पिकाला दोनशे अंडीपुंज आणि शंभर अंडीपुंजांना ६५ किलो कोष धरले, तर एका पिकाचे १३० किलो होतात. वर्षाची चार पिके म्हणजे ५२० किलो. किलोला ४०० रुपये हा सावध दर धरला, तर २ लाख ८ हजार रुपये एकूण उत्पन्न होते. चॉकी, खत, औषधे, वीज, बाहेरची मजुरी आणि वाहतूक यांसाठी त्यातील निम्मे वेगळे काढले, तरी उरणारी रक्कम सोयाबीनच्या एकूण विक्रीपेक्षा कितीतरी अधिक आहे. दर त्याहून वर गेला तर तो लाभ समजावा, त्यावर कर्जाचा हप्ता बांधू नये.

एक धोका मात्र आपल्या हातात नसतो. शेजारच्या कापसावर किंवा भाजीवर फवारलेले कीटकनाशक वाऱ्याने तुतीवर आले, तर सगळी बॅच दोन दिवसांत मरते. लागवडीपूर्वी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांशी बोलून, फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप देण्याची विनंती करावी आणि वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा दाट गवताची उंच ओळ लावावी. तंबाखूच्या हातानेही पाला टाकू नये. त्यातील निकोटीन अळीला विषासारखे लागते.

तुती लागवड व शेड यांसाठी अल्पभूधारकाला ग्रामीण रोजगार हमी योजनेतून मजुरी आणि साहित्याचा खर्च मिळतो. त्यासाठी जॉबकार्ड आणि ग्रामपंचायतीची मंजुरी आवश्यक आहे. अर्ज जिल्हा रेशीम कार्यालयात करावा. शेडचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात, त्यामुळे सुरुवातीचा खर्च भागवण्याची सोय हाताशी असावी.

पाणी थोडे, पण बाजार जवळ असेल तर

दहा गुंठ्यांत शेडनेट उभारून भाजीपाल्याची रोपे तयार करणे हा नारायणगाव किंवा नाशिकसारख्या भाजी-फळांच्या पट्ट्यातील उत्तम व्यवसाय आहे. टोमॅटोचे रोप तीन-चार आठवड्यांत विक्रीला येते, त्यामुळे गुंतवलेला पैसा लवकर फिरतो. येथे विक्री ओळखीवर चालते: एकदा रोगट रोप दिले की पुढचा हंगाम जातो. म्हणून ऑर्डर आणि आगाऊ रक्कम घेऊनच ट्रे भरावेत. फळझाडांच्या कलमांची रोपवाटिका करायची असेल, तर १९६९ च्या रोपवाटिका कायद्याखाली कृषी विभागाचा परवाना आधी घ्यावा लागतो.

बंदिस्त शेळीपालनासाठीही जमीन कमी लागते, पण चाऱ्याचा विचार आधी हवा. गोठ्यात प्रति शेळी दहा ते बारा चौरस फूट छताखाली आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा ठेवावी. पंधरा-वीस उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळ्यांसाठी मेथीघास, संकरित नेपिअर, शेवरी आणि बांधावरील सुबाभूळ मिळून निदान पंधरा-वीस गुंठे बागायत चारा लागतो. शेळ्या आणण्याच्या तीन महिने आधी चारा लावावा. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराच्या लसी चुकवू नयेत. सुरुवात पाच माद्यांनी करावी. गाभण काळ सुमारे पाच महिन्यांचा असल्याने कळप आपोआप वाढतो.

माणूस कमी आणि जमीन मुरमाड असेल तर

सीताफळ हे हलक्या जमिनीचे झाड आहे. जनावरे त्याचा पाला सहसा खात नाहीत आणि पहिले दोन उन्हाळे जगवले की ते पावसावर तग धरते. कोकणात वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही काजूची कलमे सात बाय सात मीटरवर लावल्यास एकरात ऐंशीच्या आसपास बसतात. वणव्यापासून वाचण्यासाठी डिसेंबरमध्येच हद्दीभोवतीचे गवत काढून जाळरेषा करावी. सिंधुदुर्गातील माणगा बांबू चौथ्या-पाचव्या वर्षापासून तोडीला येतो. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू भारतीय वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेल्यापासून त्याच्या तोडीची व वाहतुकीची अडचणही बरीच कमी झाली आहे.

फळबागेसाठी भाऊसाहेब फुंडकर योजनेत कोकणात किमान दहा गुंठे आणि इतरत्र वीस गुंठे क्षेत्र चालते. ठिबकसाठी केंद्र व राज्याचे अनुदान मिळून अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळते. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर होतात, आणि पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केल्यास अनुदान नाकारले जाते.

जमीन भाड्याने देणे

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सौर प्रकल्पासाठी दिलेल्या जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ आहे, म्हणजे एकराला सुरुवातीस सुमारे पन्नास हजार. मात्र किमान तीन एकर सलग क्षेत्र आणि जवळ वीज उपकेंद्र लागते. त्यामुळे एकट्या एकराला हा मार्ग बंद आहे, पण उपकेंद्राजवळच्या तीन-चार शेजाऱ्यांनी एकत्र येऊन प्रस्ताव दिल्यास तो खुला होतो. करार दीर्घ मुदतीचा असतो, म्हणून पडीक किंवा खडकाळ जमीनच द्यावी.

कृषी पर्यटनाचे राज्य धोरण २०२० मध्ये आले आणि एक एकरापासून नोंदणी करता येते. परंतु महामार्ग, देवस्थान किंवा किल्ला जवळ नसेल आणि घरातील बाईमाणसांना पाहुण्यांची उठबस मनापासून मान्य नसेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये, कारण सगळा भार त्यांच्यावर पडतो.

मोबाइल टॉवरसाठी जागा निवडली गेली असून अनामत भरा, असा फोन आला तर तो फसवणुकीचा आहे. दूरसंचार नियामक असलेली ट्राय ही संस्था अशी कोणतीही परवानगी देत नाही आणि पैसेही मागत नाही. हीच सावधगिरी पिल्ले किंवा रोपे विकून माल परत घेण्याची हमी देणाऱ्यांबाबत बाळगावी. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबड्यांच्या अशाच योजनेत असंख्य कुटुंबे बुडाली. बियाणे किंवा पिल्ले देणाराच एकमेव खरेदीदार असेल आणि त्या मालाला आठवडी बाजारात गिऱ्हाईक नसेल, तर कितीही आकर्षक आकडे दाखवले तरी पैसे गुंतवू नयेत.

सुरुवात आणि हिशेब

पर्याय ठरला की त्याच व्यवसायात तीन वर्षे टिकलेल्या किमान तीन शेतकऱ्यांकडे जावे आणि त्यांच्या सर्वांत वाईट वर्षाचा आकडा विचारावा. बारामती, नारायणगाव, बाभळेश्वर, जालन्याजवळील खरपुडी अशा कृषी विज्ञान केंद्रांत प्रशिक्षण मिळते. बँकेत जाण्यापूर्वी ते प्रमाणपत्र हाती असलेले बरे.

पहिल्या वर्षी शक्य तिथे अर्ध्याच क्षेत्रावर नवा व्यवसाय करावा आणि उरलेल्यात नेहमीचे पीक ठेवावे, म्हणजे घरचे धान्य आणि जनावरांचा कडबा चालू राहतो. वहीत प्रत्येक खर्चासोबत घरच्या माणसांचे तासही लिहावेत, कारण घरची मजुरी शून्य धरली की तोट्यातला व्यवसायही नफ्यात दिसतो. वर्षअखेरीस निव्वळ रक्कम त्या तासांनी भागून गावातील रोजंदारीशी ताडावी. ती रोजंदारीपेक्षा कमी असेल, तर क्षेत्र वाढवण्याआधी पाला, चारा, मर किंवा विक्री यांपैकी गळती कुठे आहे, ते शोधावे. दुसऱ्या वर्षीही आकडा तसाच राहिला, तर तुती काढून सीताफळ लावण्यात किंवा शेळ्या विकून रोपवाटिका सुरू करण्यात कमीपणा मानू नये. तो निर्णय मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावा, म्हणजे खड्डे, शेणखत आणि रोपांची नोंदणी जूनच्या पावसाआधी पूर्ण होते.